वीसपैकी एकोणीस

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेसातला ताईचा फोन आला. आमच्या हिंजवडी-वाकडच्या जगात शनिवारी साडेसातला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक, प्रॉडक्शनवर काहीतरी कोसळलंय. दोन, गावाकडं कुणीतरी गेलंय. तिसरी शक्यता त्या दिवशी कळली. भाची रात्रभर रडत होती.

प्रकरण असं. भाची कळंब तालुक्यातली, जिल्हा धाराशिव. (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद. आमची आजी आधीपासून धाराशिवच म्हणायची, तिला राजपत्राची गरज कधी पडली नाही.) सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग गावातलंच हायस्कूल. दहावीला 91 टक्के, आता अकरावी सायन्स. तिनं एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. लेखी चाळणीत नाव आलं. घरात पेढे वाटून झाले. मग फोनवर दहा मिनिटांची मुलाखत, इंग्रजीतून. पलीकडच्या मॅडमनी बऱ्याच प्रश्नांनंतर विचारलं, "आर यू ऑलरेडी रिसीव्हिंग एनी अदर स्कॉलरशिप?" भाची म्हणाली, "येस मॅडम." त्यांनी विचारलं, कुठली? ती पुन्हा म्हणाली, "येस मॅडम." त्या म्हणाल्या, थँक यू. दोन दिवसांनी मेल आला. आपल्याला आधीच दुसरी शिष्यवृत्ती मिळत असल्यानं आपला अर्ज पुढं नेता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा वगैरे वगैरे.

दोन वर्षांच्या क्लासची फी होती ती. दाजींच्या सोयाबीनच्या हिशोबात न बसणारी.

मी संस्थेला मेल लिहिला. उत्तर सभ्य होतं आणि नकार कायम होता. त्यांचा फार दोष आहे असंही मला वाटत नाही, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी प्रश्न विचारला, समोरून उत्तर आलं. अजून काय करणार?

त्याच दिवशी दुपारी गाडी काढली. टेंभुर्णी, बार्शी, येरमाळा करत संध्याकाळी पोचलो. चहा झाल्यावर एका जुन्या वहीच्या पाठीमागं तो प्रश्न इंग्रजीत लिहिला आणि तिच्यापुढं सरकवला. तिनं एकदा वाचला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मला दुसरी कुठली शिष्यवृत्ती मिळतीय का, असं विचारलंय. हे तर सोपंय."

आणि मग हळूच, "मामा, त्यांनी असं लिहून दिलं असतं तर मी 'नो' म्हणले असते की."

मी विचारलं, "दहावीला तोंडी परीक्षेत किती होते गं तुला, इंग्रजीत?"

"वीसपैकी एकोणीस. सरांनीच सांगितलं होतं."

मंडळी, आजचा सगळा लेख या एकोणीसबद्दल आहे.

*

आधी हे वीस गुण काय असतात ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण सीबीएसईवाले असणार. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला भाषा विषयाची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि उरलेले 20 शाळेनं द्यायचे असतात. कागदावर कल्पना उत्तम आहे. भाषा म्हणजे फक्त लिहिणं नाही, ऐकणं आणि बोलणंही तपासलं पाहिजे. म्हणून शिक्षकानं उतारा वाचून दाखवायचा, मुलानं ऐकून उत्तरं द्यायची, थोडं बोलायचं. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला कानानं किती इंग्रजी कळतं हे बघायची आपल्या राज्यातली एकमेव अधिकृत जागा म्हणजे हे वीस गुण.

आता प्रत्यक्षात काय होतं ते भाचीनं सांगितलं तसंच लिहितो. सरांनी आदल्या आठवड्यात पाच प्रश्न फळ्यावर लिहून दिले, उत्तरांसकट. परीक्षेच्या दिवशी दहा-दहा जणांना बोलावलं. त्यातला एक प्रश्न विचारला. पाठ केलेलं उत्तर म्हटलं की झालं. ज्यांना तेही जमलं नाही त्यांना सर म्हणाले, "बरं, नाव तरी सांग इंग्रजीत." सगळ्यांना अठराच्या पुढं.

त्या सरांना मी ओळखतो. वाईट माणूस नाही, उलट पोरांसाठी जीव टाकणारा आहे. एका वर्गात साठ पोरं, चार दिवसांत गुण भरायचे, आणि शेजारच्या गावातला शिक्षक सढळ हातानं गुण देतोय हे माहीत असताना तुम्ही एखाद्या पोराला वीसपैकी नऊ देऊन दाखवा! नुकसान फक्त तुमच्याच पोराचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही अठराच दिले असते.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार लगेच कळेल. एका प्रोजेक्टवर मी नवीन गेलो तेव्हा तिथल्या सगळ्या टेस्ट रोज हिरव्या असायच्या. साडेचारशे टेस्ट, एकही लाल नाही. मॅनेजर खूष, क्लायंट खूष. एक दिवस कोड उघडून बघितला तर निम्म्या टेस्टमध्ये तपासणीची ओळच कुणीतरी कमेंट करून ठेवलेली. टेस्ट चालायची, काहीच तपासायची नाही, आणि हिरवी व्हायची. ज्या टेस्टमध्ये नापास होणं शक्यच नाही ती टेस्ट नसते, सजावट असते. आणि सजावटीचा तोटा असा की बग तिथंच राहतो, फक्त तो सापडतो ग्राहकाच्या दारात. आमच्या भाचीचा बग शिष्यवृत्तीच्या फोनवर सापडला.

*

"पण वाचन तरी येतंय ना पोरांना? 80 गुणांची लेखी परीक्षा आहे की," असं कुणी म्हणेल. त्यावर एक छोटा प्रयोग करू. खालचा उतारा वाचा.

"सकाळी टिंबळ्यानं गुरळी फिसवली. मग तो झरप्याकडं गेला, कारण झरप्याची खुबणी मोडली होती."

प्रश्न एक, गुरळी कुणी फिसवली? प्रश्न दोन, टिंबळ्या झरप्याकडं का गेला?

दोन्ही उत्तरं तुम्हाला आली. पूर्ण गुण. आणि गुरळी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, मी आत्ताच बनवली!

शाळेत असताना आम्ही इंग्रजीचा उतारा असाच सोडवायचो. प्रश्नातला सगळ्यात लांब शब्द पकडायचा, उताऱ्यात तो कुठं आहे ते शोधायचं, आणि ती अख्खी ओळ उतरवायची. याला आज मी ग्रेप म्हणतो, तेव्हा अभ्यास म्हणायचो. मी पाचवीला एबीसीडी शिकलो (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना) आणि दहावीला इंग्रजीत मला 71 गुण होते. त्यातले निदान तीस ग्रेपचे असतील. आताच्या कृतिपत्रिका आमच्या वेळेपेक्षा चांगल्या आहेत, स्वतःचं मत वगैरे विचारतात, हे मान्य. तरी उताऱ्यात शब्द हुडकायची युक्ती अजून मेलेली नाही.

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल आहे ना, त्यांनी ही गोम ओळखलेली आहे. त्यांचे स्वयंसेवक घरोघर जाऊन इंग्रजी वाक्यं मोठ्यानं वाचायला देतात आणि वाचता आलं तर लगेच विचारतात, अर्थ सांग. 2023 च्या 'असर'मध्ये 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची मुलं तपासली. साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी निघाली 57.3 टक्के, आणि या वाचू शकणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकणारी साधारण तीन चतुर्थांश. म्हणजे वाचणाऱ्या चौघांतला एक जण फक्त आवाज काढत होता. हे झालं वाचनाचं. नुसतं ऐकून किती कळतं हे या चाचणीतही विचारलेलं नाही.

*

ऐकणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. कळलं तेही मार खाऊन. 2004 साली एका कंपनीची फोनवरची मुलाखत होती. पलीकडच्या माणसानं विचारलं, "व्हेअर आर यू राइट नाऊ?" मी म्हणालो, "आय ॲम फाइन, थँक यू सर!" तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

कागदावर शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते. डोळा मागं जाऊ शकतो, थांबू शकतो. बोलण्यात मोकळी जागा नसतेच. "डिड यू ईट" हे तीन शब्द बोलणाऱ्याच्या तोंडातून "डिज्जीट" असे एकच होऊन बाहेर पडतात. ज्यानं हे तीन शब्द फक्त छापलेले बघितलेत त्याला हा चौथाच शब्द वाटतो आणि तो मनातल्या डिक्शनरीत सापडत नाही. सापडत नाही म्हणून पोरगं घाबरतं. घाबरलं की पुढचं वाक्य निघून जातं. मग एकच उत्तर उरतं, येस मॅडम.

मराठीचं उदाहरण घ्या. परदेशातल्या एखाद्या माणसानं पुण्यात पुस्तकातून मराठी शिकली. "तू काय करतो आहेस?" हे वाक्य त्याला पाठ आहे. आता त्याला आमच्याकडं धाराशिव-लातूर पट्ट्यात आणून सोडा. चावडीवरचा म्हातारा त्याला विचारणार, "काय करूलालास?" त्याचं पुस्तक तिथंच मिटलं. त्याला मराठी येत नाही का? येते. डोळ्यांना येते.

आमच्या आजोबांचं बरोबर उलटं होतं. आमचा भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीची भाषा उर्दू. आजोबा जेमतेम चौथी शिकलेले, पण तहसिलीत उभे राहून उर्दूत वाद घालायचे. कुठं शिकलात विचारलं तर म्हणायचे, "शिकायचं काय त्यात? कानावर पडत होती." त्यांना उर्दूची परीक्षा दिली असती तर ते लेखीत शून्य मिळवून तोंडीत पैकीच्या पैकी मिळवणारे. त्यांच्या पणतीचं सगळं उलटं झालंय. तिला इंग्रजी पेपर दिला तर ती 80 पैकी 70 मिळवते, आणि फोन दिला तर गप्प होते.

कारण तिच्या कानावर इंग्रजी पडतच नाही. घरात तीन मोबाईल आहेत, पण त्यातून येतं ते हिंदी आणि मराठी. शाळेत इंग्रजीचा तासही मराठीत होतो. वाक्य वाचायचं, लगेच मराठीत अर्थ सांगायचा. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या पोरीनं सलग दोन मिनिटं इंग्रजी ऐकलं ते पहिल्यांदा त्या फोनवर, जिथं दोन वर्षांची फी पणाला लागली होती. ही सराव परीक्षा कुठल्याही हिशोबानं महाग पडली.

*

आता मुख्य मुद्दा. या वीस गुणांचं काय करायचं?

एक उत्तर आपल्याकडं देऊन झालंय. 2018-19 च्या शैक्षणिक वर्षात बोर्डानं भाषांचे हे अंतर्गत 20 गुण काढूनच टाकले आणि लेखी परीक्षा सरळ 100 गुणांची केली. 2018 ला दहावीचा राज्याचा निकाल होता 89.41 टक्के. मार्च 2019 च्या परीक्षेचा लागला 77.10 टक्के. बारा टक्क्यांनी घसरला! त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, त्यामुळं सगळं खापर वीस गुणांवर फोडता येणार नाही. पण मोठा वाटा त्यांचाच, असं तेव्हा जवळपास सगळेच म्हणत होते. पालक चिडले. सीबीएसई, आयसीएसईच्या पोरांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावीच्या रांगेत ती पुढं जातात, आमच्या पोरांनी काय पाप केलंय, असा प्रश्न आला. प्रश्न रास्तच होता. 2019-20 पासून 80-20 परत आलं. 2020 चा निकाल 95.30 टक्के. (त्यात कोविडमुळं भूगोलाचा पेपर झाला नाही हेही धरा.)

या सगळ्या गदारोळात मला एक गोष्ट खटकली आणि अजून खटकते. गुण काढणारे म्हणाले, हे खिरापतीचे गुण आहेत. परत आणणारे म्हणाले, आमच्या पोरांचं नुकसान होतंय. दोघंही गुणांबद्दल बोलत होते. ऐकता-बोलता येणं हे जे त्या गुणांनी मोजायचं ठरलं होतं, ते पोरांना येतं का, हा प्रश्न कुठल्याच बाजूनं जोरात विचारला गेला नाही. थर्मामीटर ठेवायचा की फेकायचा यावर भांडण झालं, पोराला ताप आहे का हे बघायचं राहिलं.

आता कुणाला वाटेल मी वीस गुण काढा म्हणणाऱ्यांतला आहे. अजिबात नाही. त्या गुणांनी काय वाचवलंय हे मी गावात बघितलंय. दहावी नापासचा शिक्का बसला की मुलाचा आयटीआयचा रस्ता अडतो आणि मुलीचं लग्न ठरतं. इंग्रजीत लेखीत पास होण्यापुरते गुण नाहीत, पण या वीसच्या आधारानं निघाली, पुढं नर्सिंग केलं आणि आज लातूरला नोकरी करतेय अशी एक मुलगी मला माहीत आहे. तिला तिच्या सरांनी दिलेले अठरा गुण खोटे होते, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दया करायची तर उघड करा. तिला मोजमाप म्हणू नका. दया गुणपत्रिकेत राहू दे, पण पोराला खरंच किती ऐकू येतंय हे सांगणारी एक चाचणी वेगळी घ्या, जिचे गुण कशातच धरायचे नाहीत.

*

इथं चीनकडं बघावंसं वाटतं. तिथं विद्यापीठ प्रवेशाची गाओकाओ नावाची परीक्षा जूनमध्ये असते. 2024 ला 1 कोटी 34 लाखांवर मुलांनी नोंदणी केली होती. त्यातला इंग्रजीचा पेपर 150 गुणांचा, आणि देशपातळीवरच्या नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत त्यातले 30 गुण निव्वळ ऐकण्याचे. वीस प्रश्न. ध्वनिमुद्रण लागतं, पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा. मुलानं ऐकायचं आणि पर्याय निवडायचा. परीक्षेच्या काळात केंद्राभोवती हॉर्नला बंदी आणि बांधकामं बंद. दक्षिण कोरिया तर अजून पुढं. तिथल्या नोव्हेंबरातल्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना साधारण 35 मिनिटं देशभरात विमानांचं उतरणं आणि उडणं थांबवतात.

हे वाचून लगेच चीनचे गोडवे गायला लागू नका. तिथल्या काही प्रांतांनी मधली काही वर्षं ऐकण्याचे गुण एकूण गुणांत धरलेच नव्हते, म्हणजे हा प्रश्न त्यांनाही अडचणीचा वाटलेला आहे. शिवाय परीक्षेत ऐकून अचूक पर्याय निवडणारी पण समोर माणूस आला की तोंड न उघडणारी पोरं तिथं इतकी आहेत की त्याला 'मुकं इंग्रजी' असा खास शब्दच त्यांच्या भाषेत आहे. घोकंपट्टी कानानंही करता येते. आणि दोन दिवसांच्या परीक्षेवर अख्खं आयुष्य टांगायची पद्धत मला आपल्याकडं नको आहे. आपल्याकडं जी आहे तीच पुरे.

पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आवाज वर्गशिक्षकाचा नाही, ध्वनिमुद्रणाचा आहे. एका खोलीतल्या सगळ्यांना तेच वाक्य, त्याच वेगानं ऐकू येतं, मग शाळा शहरातली असो नाहीतर डोंगरातली. आणि उत्तर तपासणारा माणूस पोराचा मास्तर नाही, त्यामुळं त्याला दयाही करता येत नाही आणि रागही काढता येत नाही.

आपल्याकडं काय करता येईल? बोर्डानं दहा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण करावं. आवाज आपल्याकडचेच ठेवावेत, नागपूरची बाई, कोल्हापूरचा माणूस, एखादा तमिळ, एखादी दिल्लीची. लंडनचा आवाज नकोच, आमच्या पोरांना फोन करणारे लोक लंडनचे नसतात. विषय साधे. बँकेतून आलेला फोन, रेल्वेची घोषणा, डॉक्टरनं सांगितलेली औषधाची वेळ. दोनदा ऐकवायचं. दहा प्रश्न, पर्याय हवे तर मराठीतून द्यावेत, म्हणजे वाचनाची परीक्षा त्यात घुसणार नाही. आठवीत एकदा, नववीत एकदा. निकाल फक्त पोराला आणि शाळेला. पास-नापास नाही, वर्तमानपत्रात यादी नाही.

गुण धरायचे नाहीत यावर माझा जोर आहे. ज्या दिवशी ते धरले जातील त्याच्या दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर येईल आणि पोरं उत्तरं पाठ करतील. आमच्या जिल्ह्याची तेवढी ख्याती आहे!

*

आता आक्षेप. पहिला, गावाकडच्या पोरांवर हा अन्याय आहे, शहरातली पोरं यात पुढं जाणारच. हो, जाणार. पण ती आत्ताही पुढं आहेत. फरक इतकाच की आज हे अंतर आपल्याला दिसत नाही. ते दिसतं थेट कॅम्पस मुलाखतीत, आणि तोवर पोरगं एकवीस वर्षांचं झालेलं असतं. तेराव्या वर्षी कळलं तर हातात आठ वर्षं असतात.

दुसरा, सोयी कुठं आहेत? वीज जाते, स्पीकर नसतो. खरंय. कळंबच्या बसस्टँडशेजारच्या शाळेत एसटीचा हॉर्न दहा मिनिटं थांबवणं हे कोरियाची विमानं थांबवण्यापेक्षा अवघड आहे. पण गुणच धरायचे नसतील तर आज वीज गेली म्हणून उद्या घेता येते. आणि मास्तरांच्या खिशातल्या मोबाईलला शंभर रुपयांची वायर लावून स्पीकर जोडता येतो. गणपतीत आपण अख्खं गाव हादरवतो, एक वर्ग ऐकवता येणार नाही?

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनाचा आहे. नुसतं मोजून काय होणार? वजनकाट्यावर रोज उभं केलं म्हणून बकरी जाड होत नाही. मान्य. मोजण्याआधी कानावर पडलं पाहिजे. त्याचे प्रयोग आपल्याकडं झालेले आहेत. पुण्याच्या 'सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस'नं मराठी शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा ऐकत ऐकत शिकायचा कार्यक्रम तयार केला, तो आकाशवाणीवरूनही लागला. वर्गात आवाज येतो, पोरं त्याला उत्तर देतात, शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. म्हणजे रस्ता माहीत नाही असं नाही. पण परीक्षेत जे विचारत नाहीत त्यासाठी वर्गात वेळ मिळत नाही, हे कुठलाही मास्तर सांगेल. सगळी पोरं वीसपैकी एकोणीसच मिळवत असतील तर ऐकण्याचा तास मागायचा कुणी आणि कशाच्या जोरावर? कागदावर प्रश्न सुटलेला आहे. 2018 मध्ये नीती आयोगानं आमचा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला. त्या यादीत शिक्षणाचं मोजमाप आहे. पण कानाचा रकाना कोण काढणार?

*

असो. मोठ्या गोष्टी बोर्ड करेल तेव्हा करेल. त्या रविवारी आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं. मी आणि भाची ओसरीवर बसलो. मी फोनवर रेल्वेची इंग्रजी घोषणा लावली, तीस सेकंदांची. पहिल्यांदा ती म्हणाली, "काहीच नाही कळालं." दुसऱ्यांदा, "प्लॅटफॉर्म." चौथ्यांदा तिला गाडी किती वाजता येणार ते कळलं आणि ती चक्क ओरडली. शेजारची दोन पोरं येऊन बसली. एक सातवीतला बारका म्हणाला, "मामा, मलाही लावा की." त्याला पहिल्याच वेळी प्लॅटफॉर्मचा नंबर कळला. भाचीला तो राग आला.

हा काही अभ्यास-बिभ्यास नव्हे, तीन पोरं आणि एक फोन. पण एक गोष्ट मी बघितली. आपल्याला कळलं नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी न रागावता सांगत होतं, आणि त्याचं त्यांना काहीच वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटलं ते फोनच्या दिवशी. कारण त्याआधी दहा वर्षं त्यांना सांगितलं होतं की सगळं कळतंय.

आता रोज रात्री नऊला मी तिला फोन करतो. पाच मिनिटं, इंग्रजीत. नियम एकच. कळलं नाही तर 'येस' म्हणायचं नाही, "सॉरी, प्लीज से दॅट अगेन" म्हणायचं. पहिले चार दिवस तिनं दर वाक्याला तेच म्हटलं आणि मी दर वाक्य पुन्हा म्हटलं. घसा बसला माझा. पाचव्या दिवशी मी विचारलं, "हॅव यू हॅड युवर डिनर?"

तिकडून थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "नो मामा. आई पिठलं करूलाली."

चालेल. प्रश्न कळला होता.